गलबते मागून येत आहेत : व्यापारवृत्त-वाहिनी आणि सत्य सांगण्याचे कर्तव्य

ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. धान्याचे भाव गगनाला भिडले आहेत. अशा वेळी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरातून धान्याने भरलेले एक गलबत येऊन तेथे नांगर टाकते. गलबताचा धनी सचोटीचा मनुष्य आहे. मात्र येताना वाटेत त्याने धान्याची आणखी कित्येक गलबते ऱ्होड्सच्याच दिशेने येत असलेली पाहिली आहेत. दोन-चार दिवसांत ती पोहोचतील आणि भाव उतरतील. धक्क्यावर जमलेल्या भुकेल्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक नाही. आता प्रश्न असा, की त्याने ही गोष्ट त्यांना सांगावी, की मौन पाळून आपला माल आजच्या चढ्या भावाने विकून टाकावा?

सिसेरो या रोमन विचारवंताने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात हा पेच मांडला आहे. त्याने दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे केले आहे. बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, मालात खोट असेल तर कायदा सांगतो तेवढी ती सांगावी. त्यापलीकडे जे ठाऊक आहे ते सारे सांगत सुटण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. लपविणे वेगळे आणि न बोलणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपेटर याला हे पटत नाही. माणूस समाजाच्या हितासाठी जन्माला आला आहे. मग धान्य जवळ आल्याची वार्ता तो भुकेल्यांपासून कशी दडवू शकतो? सिसेरो अखेर शिष्याच्या बाजूने कौल देतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि अधिक नाजूक निवाडा केला. गलबते येणार ही उद्याची गोष्ट आहे. आज चालू असलेल्या भावाने विकणारा न्यायाचा भंग करीत नाही. परंतु त्याने ती वार्ता सांगितली किंवा भाव उतरवला, तर त्याचा सद्गुण अधिक भरघोस ठरेल. न्यायाचे देणे अमुक एवढेच, पण चांगुलपणाला त्यापुढेही वाट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात हा पेच शिकताना तो आम्हां विद्यार्थ्यांना पोथीतला वाटे. कोठले ऱ्होड्स आणि कोठली गलबते! आज तसे म्हणता येणार नाही. घरभेटींच्या निमित्ताने गेले असता अनेक घरांतील दिवाणखान्यात सकाळपासून एक विशिष्ट वाहिनी लावलेली दिसते. आवाज बहुधा बंद असतो. पडद्याच्या तळाशी मात्र कंपन्यांची नावे आणि आकडे, हिरवे नि तांबडे, अखंड वाहत असतात. निवृत्त झालेले गृहस्थ बोलता बोलता मधूनच तिकडे नजर टाकतात. ही नजर कोणती वार्ता शोधते, आणि वार्ता सांगणाऱ्यावर तिचे काय देणे लागते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी या प्रकारच्या वाहिन्यांमध्ये जी सर्वांत प्रभावी ठरली, त्या अमेरिकेतील सीएनबीसी या वाहिनीचा इतिहास आणि तिच्या कार्यक्रमांची रीत डोळ्यांपुढे ठेवू.

कबुतरापासून पडद्यापर्यंत

बाजाराची वार्ता इतरांच्या आधी आपल्याला कळावी, ही व्यापाऱ्याची इच्छा फार जुनी आहे. १८५० साली पॉल ज्युलियस रॉयटर याने जर्मनीतील आखेन आणि बेल्जियममधील ब्रुसेल्स या शहरांच्या दरम्यान शेअरबाजाराचे भाव कबुतरांकरवी पाठविण्याची व्यवस्था केली, कारण तेवढ्या टापूत तारयंत्राची तार पोहोचलेली नव्हती. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलाहन याने कागदी पट्टीवर भाव छापणारे यंत्र तयार केले. त्याच्या टिकटिक आवाजावरून त्याला टिकर हे नाव मिळाले. पडद्याच्या तळाशी आज वाहते ती भावपट्टी या यंत्राचीच पणती होय. पण कबुतर असो वा कागदी पट्टी, दोन्ही दलालांच्या कचेऱ्यांत उतरत. बाहेरच्या माणसाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे. म्हणजे गलबते येत असल्याचे काहींना कळे आणि इतरांना कळत नसे.

ही भिंत पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत झाला. फायनान्शियल न्यूज नेटवर्क ही केवळ अर्थवार्तांना वाहिलेली वाहिनी तेव्हा सुरू झाली. भावपट्टी सामान्य माणसाच्या घरात वाहू लागली. सुरुवातीच्या काळात पडद्यावरील भाव पंधरा मिनिटे उशिराचे असत. पुढे हे अंतरही मिटले.

१७ एप्रिल १९८९ रोजी एनबीसी या बड्या प्रक्षेपण संस्थेने केबलव्हिजन या कंपनीच्या भागीदारीत सीएनबीसी सुरू केली. न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पैलतीरावरील फोर्ट ली या गावातून तिचे कार्यक्रम प्रक्षेपित होत. या चार इंग्रजी अक्षरांची फोड 'ग्राहकवार्ता आणि व्यापार वाहिनी' अशी होती. ग्राहक हा शब्द पहिला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घरखर्च कसा चालवावा, खरेदी करताना कोठे फसगत होते, आरोग्याची काळजी कशी घ्यावी, असे विषयही तिच्या आरंभीच्या कार्यक्रमांत असत. १९९१ साली फायनान्शियल न्यूज नेटवर्कचे दिवाळे निघाले आणि सीएनबीसीने सुमारे १५ कोटी डॉलर मोजून ती विकत घेतली. तेव्हापासून दिवसाचे तास शेअरबाजाराला मिळाले. रात्री मात्र बाजार बंद असे, म्हणून चर्चेचे कार्यक्रम असत. फिल डोनाह्यू आणि सोव्हिएत पत्रकार व्लादिमीर पोझनर यांची जोडी काही वर्षे येथेच बोलत असे. हळूहळू ग्राहक मागे पडला आणि त्याच्या जागी गुंतवणूकदार येऊन बसला. तोच माणूस, तेच घर. पण त्याच्याशी बोलण्याची रीत पालटली. 'तुमचे पैसे जपा' असे सांगणारी वाहिनी 'तुमचे पैसे आता कोठे धावत आहेत ते पाहा' असे सांगू लागली.

दिवस भरण्याची कला

१९९५ चे वर्ष या वाहिनीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टात 'स्क्वॉक बॉक्स' हा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. दलालांच्या कचेरीत मुख्यालयाच्या सूचना ज्या ध्वनिक्षेपकातून कर्कश आवाजात ऐकू येतात, त्याचे हे नाव. बाजार उघडण्यापूर्वीच्या तासांत तीन-चार माणसे एका मेजाभोवती बसतात, थट्टामस्करी करतात, आज काय होईल याचे अंदाज बांधतात. क्रिकेटच्या सामन्यापूर्वी जाणकार मंडळी खेळपट्टीविषयी जशी बोलतात, तसा हा प्रकार. त्याच वर्षी मारिया बार्टिरोमो यांनी न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या प्रत्यक्ष कोलाहलात उभे राहून रोज थेट वार्ता देण्याची प्रथा पाडली. धावपळ करणारे, धक्के देत जाणारे दलाल पाठीमागे दिसत. घरबसल्या प्रेक्षकाला आपण धक्क्यावरच उभे आहोत असे वाटावे, ही त्यामागील कल्पना.

पुढील वर्षांत दिवसाचा प्रत्येक तुकडा अशा एकेका कार्यक्रमाने भरून काढण्यात आला. दुपारच्या जेवणाच्या वेळेचा वेगळा, बाजार बंद होतानाच्या घंटेचा वेगळा, घंटेनंतरचा वेगळा. २००५ च्या मार्च महिन्यात संध्याकाळी 'मॅड मनी' आला. जिम क्रेमर हे त्याचे सूत्रधार. बाह्या सारून ते ओरडतात, खुर्च्या भिरकावतात, बटणे दाबून बैलाची डरकाळी आणि अस्वलाची गुरगुर ऐकवतात. कार्यक्रमाच्या एका भागात प्रेक्षक दूरध्वनीवरून एकेका कंपनीचे नाव सांगतात आणि क्रेमर क्षणार्धात 'घ्या' किंवा 'विका' असा निकाल देतात. २००७ पासून याच वाहिनीवर 'अमेरिकन ग्रीड' ही मालिकाही दिसू लागली. लोकांना श्रीमंतीची स्वप्ने दाखवून लुबाडणाऱ्या ठगांच्या सत्यकथा तीत असतात. संध्याकाळी मोहाला फुंकर घालावयाची आणि रात्री मोहाचे परिणाम दाखवावयाचे, असा योग एकाच छताखाली जुळून आला. यात कोणाचा कावा आहे असे मी म्हणत नाही. रिकामा वेळ भरावयाचा असला म्हणजे असे होते.

या वेळ भरण्यातच पहिली अडचण आहे. एखाद्या कंपनीच्या कारखान्यात, तिच्या हिशेबात, तिच्या मालाच्या दर्ज्यात खरा बदल व्हावयास महिने लागतात. भाव मात्र दर क्षणाला हलतो. ज्याला दिवसाचे कित्येक तास बोलावयाचेच आहे, त्याला महिन्यांनी घडणाऱ्या गोष्टीवर निभाव लावता येत नाही. त्याला क्षणाक्षणाच्या हालचालीचे कारण शोधावे लागते. निर्देशांक थोडा खाली आला की कारण हवे, वर गेला की दुसरे कारण हवे. पुष्कळदा खरे उत्तर 'आज विशेष काही घडले नाही' किंवा 'हे का घडले ते मला ठाऊक नाही' एवढेच असते. पण हे उत्तर देऊन तास भरत नाही. तेव्हा असत्याचा एकही शब्द न उच्चारता खोटे चित्र उभे राहू शकते. प्रत्येक वाक्य खरे असते. परंतु सतत काहीतरी महत्त्वाचे घडत आहे आणि त्यावर आपण सतत काहीतरी केले पाहिजे, हा जो एकंदर ठसा उमटतो, तो खरा नसतो.

एकाच वेळी सांगणे म्हणजे सारखे सांगणे काय?

या वाहिन्यांच्या बाजूने जे म्हणता येते, ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. अँटिपेटरची मागणी त्यांनी पूर्ण केली. पूर्वी जे दलालाला कळे, ते आता शाळामास्तरालाही त्याच वेळी कळते. २००० च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या बाजार-नियंत्रकांचा नियमच लागू झाला, की कंपन्यांनी महत्त्वाची माहिती निवडक जाणकारांच्या कानात आधी कुजबुजू नये, सर्वांना एकदमच सांगावी. ज्ञान दडविण्यातून होणारा अन्याय कमी व्हावा, या दृष्टीने ही वाटचाल स्तुत्य आहे, यात शंका नाही.

तथापि त्याच वर्षी झालेला एक अभ्यास विचार करावयास लावतो. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे बसी आणि ग्रीन या दोन प्राध्यापकांनी सीएनबीसीवरील सकाळच्या आणि दुपारच्या दोन सदरांचा माग घेतला. या सदरांत जाणकारांची निरनिराळ्या कंपन्यांविषयीची मते सांगितली जात. अनुकूल मत पडद्यावरून उच्चारले गेल्यावर त्या कंपनीचा भाव काही सेकंदांतच हलू लागे आणि सुमारे मिनिटभरात ती वार्ता भावात पुरती मुरून जाई. पहिल्या पंधरा सेकंदांत व्यवहार करणाऱ्याला थोडाफार लाभ होई. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ काय? वार्ता सर्वांना एकाच क्षणी मिळाली, हे खरे. पण एकाचे बोट यंत्राच्या कळीवर होते आणि दुसरा चहाचा कप खाली ठेवून चष्मा शोधत होता. गलबते येत असल्याची हाळी साऱ्या बेटाला एकदम ऐकू आली. परंतु धक्क्यापाशी राहणारे धावत पोहोचले आणि डोंगरावरचे लोक खाली उतरेपर्यंत व्यवहार आटोपला होता. डोंगरावरच्या माणसाची फसवणूक कोणी केली नाही. तरीही 'तुलाही आमच्याइतकेच कळले आहे, आता तूही आमच्यासारखाच खेळू शकतोस' असे जर कोणी त्याला भासवीत असेल, तर ते भासविणे निर्दोष म्हणता येणार नाही.

आणि येथेच ऱ्होड्सच्या दृष्टांताची मर्यादाही कळून येते. तेथे गलबते समुद्रावर होतीच. व्यापारी बोलला असता तरी ती आली असती, न बोलता तरी आली असती. त्याच्या जिभेने गलबते निर्माण होत नव्हती. वाहिनीवरून 'घ्या' असा शब्द उच्चारला जातो, तेव्हा मात्र तो शब्दच भाव हलवतो. येथे सांगणे हे नुसते सांगणे राहत नाही, ते करणे होते. साक्षीदार हाच घटनेचा एक कर्ता बनतो. जो केवळ साक्ष देतो, त्याने खरे बोलले म्हणजे त्याचे कर्तव्य पुष्कळसे पुरे होते. पण ज्याच्या शब्दाने घटना घडते, त्याला आपल्या शब्दाच्या परिणामाचीही जबाबदारी घ्यावी लागते. वाहिनीवर बोलणाऱ्याच्या नीतीचा प्रश्न डायोजेनीस आणि अँटिपेटर यांच्या वादाहून एक पायरी खोल जातो, तो या कारणाने.

दोन पडझडी

इतिहासाने या जबाबदारीची परीक्षा दोनदा पाहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणक व इंटरनेट कंपन्यांच्या समभागांना उधाण आले. याच काळात सीएनबीसीचा प्रेक्षक झपाट्याने वाढला. १० मार्च २००० रोजी अमेरिकेतील नॅस्डॅक निर्देशांक ५०४८ वर बंद झाला. ९ ऑक्टोबर २००२ रोजी तो १११४ वर आला होता. शंभरातील अठ्ठ्याहत्तर गेले, बावीस उरले. वाहिनीने हे उधाण निर्माण केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. उधाण बाजारातलेच होते. पण जे उधाण ती रोज दाखवीत होती, त्याच उधाणावर तिची स्वतःची भरभराटही अवलंबून होती. अशा वेळी 'सावध असा' असे पुरेशा मोठ्या आवाजात सांगणे कोणालाही जड जाते.

दुसरा प्रसंग २००८ चा. त्या वर्षी ११ मार्च रोजी बेअर स्टर्न्स या अडचणीत आलेल्या बड्या वित्तसंस्थेविषयी एका प्रेक्षकाने 'मॅड मनी'ला विचारले, की मी तेथून माझे पैसे काढून घ्यावेत काय? क्रेमर यांनी संस्था ठीक असल्याचे ठणकावून सांगितले आणि पैसे काढू नका असा सल्ला दिला. तेव्हा तिचा समभाग साठ डॉलरच्या आसपास होता. १६ मार्च रोजी तो दोन डॉलर या भावाने दुसऱ्या बँकेच्या हवाली करण्याचे ठरले. पुढे ही रक्कम दहा डॉलर करण्यात आली. आपण समभागाविषयी नव्हे, तर तेथे ठेवलेल्या ठेवींविषयी बोललो होतो आणि ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत, असा खुलासा क्रेमर यांनी नंतर केला. तो खुलासा शब्दशः खोटा नाही. पण लाखो लोक ऐकत असताना, घाईत, हातवारे करीत दिलेल्या उत्तरातून हा बारीक भेद किती जणांच्या ध्यानी आला असेल? पुढल्या वर्षी १२ मार्च २००९ रोजी विनोदी कार्यक्रम करणारे जॉन स्टुअर्ट यांनी क्रेमर यांना समोर बसवून लोकांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा खेळ केल्याबद्दल कठोर प्रश्न विचारले. आपण अधिक चांगले काम करावयास हवे, हे क्रेमर यांनी मान्य केले. नीतीचा प्रश्न विदूषकाला विचारावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

दलाल स्ट्रीटच्या वाटेने

मुंबईत हीच वाहिनी १९९९ च्या डिसेंबरात टीव्ही १८ या भारतीय संस्थेच्या साहाय्याने आली. २००५ च्या जानेवारीत तिची हिंदी बहीण 'सीएनबीसी आवाज' आली, २०१४ मध्ये गुजरातीतून 'सीएनबीसी बाजार' सुरू झाली. इतरही संस्थांनी अशा वाहिन्या काढल्या. १८७५ पासून शेअरबाजार चालविणाऱ्या या महानगराच्या आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे नवे वारे लागणे स्वाभाविकच होते. ज्या पिढीने टपाल खात्याच्या बचतपत्रांत पैसे ठेवले, तिच्या मुलांनी भविष्य निर्वाह निधीचे पैसे समभागांत घातले. यात काही पाप नाही. उद्योगाला भांडवल पुरविणे आणि त्याच्या नफ्यातोट्यात वाटेकरी होणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

परंतु बोलणाऱ्याचा स्वार्थ कोठे गुंतला आहे, हा प्रश्न येथेही उभा राहिला. बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०१४ साली नियम केले, की समभागांविषयी जाहीरपणे सल्ला देणाऱ्याने त्यात आपला स्वतःचा हितसंबंध असल्यास तो उघड केला पाहिजे. तरीही २०२१ च्या जानेवारीत एका हिंदी वाहिनीच्या सूत्रसंचालकाविरुद्ध सेबीला अंतरिम आदेश काढावा लागला. कार्यक्रमात ज्या समभागांची शिफारस व्हावयाची, ते आदल्या दिवशीच घरच्या माणसांच्या नावे विकत घेतले जात आणि शिफारस झाल्यावर विकले जात, असे त्या आदेशात प्रथमदर्शनी म्हटले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका वाहिनीवरील पाहुण्या जाणकारांविरुद्ध अशाच स्वरूपाचा अंतरिम आदेश निघाला. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याने निदान मौन पाळले असते. येथे आरोप असा, की गलबते नसतानाच त्यांची हाळी दिली आणि हाळीवर आपला माल खपविला. याला डायोजेनीसही पाठिंबा देणार नाही.

सेबीचाच २०२४ च्या सप्टेंबरातील एक अहवाल प्रत्येक घरात वाचला जावा अशा योग्यतेचा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या फ्युचर्स आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी तोटा सोसला. हा तोटा सरासरीने माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. सर्वांचा मिळून तो १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. या तोट्याचे खापर वाहिन्यांच्या माथी फोडता येत नाही आणि अहवालानेही ते फोडलेले नाही. मोबाइल फोन, सोपी झालेली खाती, झटपट श्रीमंतीची हाव, सारेच त्यात आले. पण भाव क्षणाक्षणाला पाहण्याची सवय एकदा डोळ्यांना जडली, की क्षणाक्षणाला काहीतरी करण्याची सवय हातांना जडावयास वेळ लागत नाही.

याच सेबीने जानेवारी २०२५ मध्ये केलेला एक नियम मला विशेष उद्बोधक वाटतो. जे लोक बाजाराविषयी केवळ शिक्षण देतात असे म्हणवितात, त्यांनी शिकविताना गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत, असे तिने ठरविले. शिक्षण आणि चिथावणी यांतील भेद कायद्याने काळाच्या अंतरावरून ओळखला! जे खरोखर ज्ञान आहे, ते तीन महिन्यांनीही ज्ञानच राहते. जे तीन महिन्यांत निरुपयोगी होते, ते बहुधा ज्ञान नव्हतेच. तो नुसता इशारा होता, हात उचलावयास लावणारा.

सांगणाऱ्याचे देणे, ऐकणाऱ्याचे देणे

या साऱ्यातून काय निष्पन्न होते? बोलणाऱ्यावर माझ्या मते तीन देणी आहेत. पहिले, आपला स्वार्थ उघड करणे. हे न्यायाचेच देणे आहे आणि कायदाही ते मागतो. दुसरे, आपले अज्ञान उघड करणे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य बाजारात सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत मोलाचे आहे. तिसरे, आपण कोणाशी बोलत आहोत हे ओळखणे. पेढीवर बसलेल्या दलालाला जे सांगणे निर्धोक, तेच आयुष्याची पुंजी हातात घेऊन बसलेल्या विधवेला त्याच स्वरात सांगणे धोक्याचे असू शकते. शेवटची दोन देणी कोणताही कायदा पुरतेपणी वसूल करू शकणार नाही. ती संत थॉमस यांनी म्हटलेल्या त्या पुढच्या वाटेवरची आहेत.

'प्रेक्षक सज्ञान आहे, त्याने आपले पाहून घ्यावे' असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ऐकणाऱ्यावरही एक देणे येते. ॲरिस्टॉटल सांगतो, आणि संत थॉमस विवेकाची चर्चा करताना त्याचीच री ओढतात, की विचारविनिमय सावकाश करावा आणि तो पुरा झाल्यावर कृती त्वरेने करावी. भावपट्टी नेमके याच्या उलट करावयास शिकवते. ती म्हणते, आधी हात उचल, विचार मागाहून कर. तिची गती मुकाट्याने स्वीकारणे म्हणजे आपला विवेक दुसऱ्याच्या घड्याळाला बांधणे होय.

यावर सोपा उपाय असा. ज्या कंपनीचा भाग आपण घेतला, तिच्या मालाविषयी, कामगारांविषयी, कर्जाविषयी आपल्याला चार वाक्ये सांगता येतात का, हे स्वतःला विचारावे. येत असतील, तर भाव दिवसातून दहा वेळा पाहण्याचे कारण उरत नाही. येत नसतील, तर शंभर वेळा पाहूनही काही हाती लागणार नाही. कोणी 'आत्ताच' म्हटले, की आपण 'पुढच्या आठवड्यात' म्हणावे. जी संधी आठवडाभर थांबू शकत नाही, ती आपल्यासारख्या डोंगरावरच्या माणसांसाठी नव्हतीच. आणि घरातील पैशाचा निर्णय एकट्याने पडद्यासमोर बसून न घेता घरच्या माणसांसमवेत, हिशेबाची वही उघडून घ्यावा. त्या वेळी दूरदर्शन संचाचा नुसता आवाजच नव्हे, तर पडदाही बंद असावा.

ऱ्होड्सच्या रहिवाशांना त्या दिवशी धान्याची गरज होती, भावाची नव्हे. व्यापारी बोलो वा न बोलो, ज्याच्या घरात अजून दोन दिवसांचे पीठ शिल्लक होते, तो निर्धास्तपणे थांबू शकला असता, आणि गलबते आल्यावर त्याला रास्त भावात धान्य मिळाले असते. दोन दिवसांचे पीठ आणि दोन दिवसांचा धीर, एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याला कोणाचे मौन सहजी लुबाडू शकत नाही आणि कोणाची हाळीही.